फूल, दोन पाने आणि आडवी बाटली

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर बायका मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवीवर शिक्का म्हणजे बंद करा. आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यायचा, उत्पादन शुल्क खात्याने त्या सह्या पडताळायच्या, मग दिवस ठरायचा आणि गुप्त मतदान व्हायचे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही बाटली आडवी करणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. लोकशाहीतला इतका बोलका कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

गोम पुढे आहे. दुकान बंद व्हायला पडलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत. यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त शिक्के आडव्या बाटलीवर पडावे लागतात. समजा यादीत हजार बायकांची नावे आहेत. साडेपाचशे जणी आल्या. ४८० जणींनी बाटली आडवी केली, ७० जणींनी उभी ठेवली. दुकान चालूच! कारण न आलेल्या ४५० जणी हिशेबात दुकानदाराच्या बाजूने धरल्या जातात. त्यांतल्या काही ऊसतोडीला गेलेल्या असतात. काहींची नावे लग्नाला दहा वर्षे झाली तरी माहेरच्या यादीतून निघालेली नसतात. काही वारलेल्या असतात. काहींना त्या दिवशी नवऱ्याने उंबरा ओलांडू दिलेला नसतो, आणि तो का, हे गावाला माहीत असते. एकूण काय, मेलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीला मत देऊन जाते.

‘मौन म्हणजे संमती’ असे आपल्याकडे म्हणतात. पूर्वी स्थळ बघायच्या कार्यक्रमात याचा सर्रास उपयोग व्हायचा. मुलीने मान खाली घातली की कोणीतरी आत्याबाई जाहीर करायच्या, ‘गप्प आहे, म्हणजे पसंत आहे.’ मुलगी गप्प का आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. लग्नाच्या बोलण्यांतून हे तर्कशास्त्र बऱ्यापैकी हद्दपार झाले. राज्यकारभारातून झालेले नाही. लोकांना एखादा मोठा प्रश्न विचारला जातो तेव्हा आपण सगळे हो किती आणि नाही किती हेच मोजत बसतो. गप्प राहिलेल्यांना कोणाच्या खात्यात टाकले आणि ते गप्प कशामुळे राहिले, याकडे फारसे कोणी बघत नाही. माझे म्हणणे असे की निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. आणि वसाहतींच्या राजवटी निदर्शकांवर गोळ्या झाडत आल्या, त्याचाही संबंध याच हिशेबाशी आहे.

हा हिशेब सर्वांत उघडपणे मांडला तो पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने. १९ मार्च १९३३ रोजी त्याने आपल्या नव्या राज्यघटनेवर देशभर सार्वमत घेतले. नियम असा होता की जो मतदानाला येणार नाही, त्याचे मत घटनेच्या बाजूने धरले जाईल. विरोध करायचा तर केंद्रावर जाऊन, अधिकाऱ्यांसमोर उभे राहून करा. घरी बसलात तर तुम्ही आमचेच. लाखो लोक घरी बसले. घटना प्रचंड बहुमताने संमत झाली, हे वेगळे सांगायला नको. या घटनेने १९३०चा वसाहतींचा कायदाही पोटात घेतला होता. समुद्रापारचे प्रदेश ताब्यात ठेवणे आणि तिथल्या मूळ रहिवाशांना ‘सुसंस्कृत’ करणे हा पोर्तुगीज राष्ट्राचा स्वभावधर्मच आहे, असे त्या कायद्यात लिहिले होते. गोव्यातले मेनेझिस ब्रागांझा यांनी १९३० सालीच तिथल्या कायदे मंडळात याविरुद्ध ठराव आणला होता आणि गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला होता. तीन वर्षांनी लिस्बनमध्ये न आलेल्या मतदारांच्या पाठिंब्यावर तो कायदा घटनेत जाऊन बसला.

गोव्यात मौन तयार करण्याचे काम मग शिस्तीत चालू झाले. सभाबंदी होती, वृत्तपत्रांवर छपाईपूर्व सेन्सॉरशिप होती. लग्नाच्या पत्रिकासुद्धा छापण्याआधी सरकारी नजरेखालून जात, असे त्या पिढीतले गोमंतकीय सांगत. १८ जून १९४६ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, तेव्हा त्यांनी काही बाँब आणला नव्हता. बंदी मोडून भाषण करायचे, इतकाच बेत होता. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन मिरांदाने पिस्तूल काढले. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला आणि बोलायला सुरुवात केली. त्यांना अटक झाली. पण त्या दिवशी मडगावात जमलेल्या गर्दीने आपल्या गावातला स्वतःचाच आवाज बऱ्याच वर्षांनी ऐकला. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांसारख्या स्थानिक नेत्यांना पुढे लष्करी न्यायालयापुढे उभे करून थेट पोर्तुगालमधल्या तुरुंगात पाठवले गेले.

१९५१मध्ये पोर्तुगालने एक कागदी चमत्कार केला. घटनादुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्दच काढून टाकला. गोवा आता पोर्तुगालचा ‘समुद्रापारचा प्रांत’ झाला. १९५५च्या अखेरीस पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात शिरला आणि तुमच्या ताब्यात स्वशासन नसलेले कोणते प्रदेश आहेत, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले की एकही नाही. ज्याला आपण वसाहत म्हणतच नाही, तिथल्या लोकांना स्वातंत्र्य हवे का हे विचारायचे कारणच उरत नाही. राष्ट्रसंघाने १९६०मध्ये ठराव करून गोव्याचे नाव त्या यादीत घातले, तेव्हाही लिस्बनमधल्या मंडळींची मान हलली नाही.

बांद्याहून गोव्यात शिरताना पत्रादेवी लागते. रस्त्यालगत हुतात्मा स्मारक आहे. जाताना मुंबई-पुण्याच्या गाड्या तिथून सुसाट निघून जातात आणि येताना डिकीतल्या बाटल्यांची तपासणी होईल या भीतीने जरा हळू होतात. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच वाटेने आणि इतर नाक्यांवरून सत्याग्रही निघाले होते. हजारो होते, देशभरातून आलेले. त्यात मराठी होते, पंजाबी होते, मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय होत्या. हातात तिरंगा, बाकी काही नाही. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नेलसिंग पत्रादेवीला पडला, सहोदराबाई गोळी लागून जखमी झाल्या. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे मेली. त्याआधीच्या तुकड्यांना बेदम मार आणि लांबलचक शिक्षा वाट्याला आल्या होत्या. मधू लिमयांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली.

यावर पोर्तुगालचे म्हणणे काय होते? की हे सगळे बाहेरचे लोक आहेत, गोव्यातली जनता शांत आहे. ही शांतता कुठून आली हे कोणी विचारू नये, अशी अपेक्षा. घरातला माणूस बोलला तर आग्वादच्या किल्ल्यात किंवा समुद्रापार. मग बोलायला शेजारीच उरतो. तो बोलला की म्हणायचे, बघा, घरच्यांची काही तक्रारच नाही. निःशस्त्र माणसावर गोळी झाडल्याने तो एक माणूस मरतो, पण सरकारला हवा असतो तो मागे उभ्या असलेल्या हजारांचा मुका होकार. म्हणून गोळ्या नेहमी गर्दीत, दिवसाढवळ्या, सणाच्या किंवा सभेच्या दिवशी झाडल्या जातात. जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ला १,६५० फैरी झाडल्या गेल्या, त्या बैसाखीच्या दिवशी, आणि त्या ज्या रौलट कायद्याच्या निषेधातून उद्भवलेल्या वातावरणात झाडल्या गेल्या तो कायदा महिन्याभरापूर्वी कायदेमंडळातल्या बिगरसरकारी भारतीय सभासदांचा विरोध बाजूला सारून मंजूर झाला होता. सभागृहात नाही म्हटले ते मोजले नाही, आणि बागेत नाही म्हणायला जमले त्यांना जागेवरच मोजले.

इथे वाचक म्हणेल की बंदुकीला उत्तर मतपेटी, एवढेच सांगायचे आहे ना? तेवढे सोपे असते तर बरे झाले असते.

पेशावरचे बघा. २३ एप्रिल १९३०ला किस्साखानी बाजारात बादशाह खानांच्या अहिंसक संघटनेच्या, म्हणजे खुदाई खिदमतगारांच्या, निदर्शनांवर ब्रिटिश फौजेने गोळीबार केला. गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला आणि वर्षानुवर्षांचा तुरुंगवास भोगला. सतरा वर्षांनी, जुलै १९४७मध्ये, याच सरहद्द प्रांतात याच ब्रिटिशांनी सार्वमत घेतले. मतपेट्या होत्या, याद्या होत्या, सगळे यथासांग. पर्याय दोन, हिंदुस्थान की पाकिस्तान. बादशाह खानांच्या लोकांचे म्हणणे होते की आमचा पर्याय तिसरा आहे, पठाणांच्या स्वतंत्र पख्तुनिस्तानचा, तोही कागदावर छापा. छापला नाही. त्यांनी बहिष्कार घातला. निकाल लागला तो पाकिस्तानला २,८९,२४४ आणि हिंदुस्थानला २,८७४ मते. वाचायला एकतर्फी वाटतो. पण यादीत ५,७२,७९८ नावे होती. म्हणजे निम्मी माणसे त्या कागदावर कुठेच नाहीत. त्यांतले किती बहिष्कारामुळे आले नाहीत, किती भीतीने आणि किती आळसाने, हे कोण सांगणार? मौनाची बेरीज करता येत नाही, आणि तरीही प्रत्येक पक्ष ती आपल्या सोयीने करतो. काँग्रेसनेही केलीच. खुदाई खिदमतगारांचे पुढे काय झाले, तर १२ ऑगस्ट १९४८ला चारसद्द्याजवळ बाबडा इथे त्यांच्या जमावावर पुन्हा गोळीबार झाला. या वेळी सरकार पाकिस्तानचे होते.

फ्रान्सची गोष्ट तर आणखी विचित्र. अल्जीरियाला स्वयंनिर्णयाचा हक्क द्यावा का, यावर द गॉलने जानेवारी १९६१मध्ये सार्वमत घेतले आणि जवळजवळ पंचाहत्तर टक्के होकार मिळवला. त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये अल्जीरियन लोक आपल्यावर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा पोलीसप्रमुख मोरिस पापोंच्या पोलिसांनी त्यांना झोडपले, मारले, काहींना सेन नदीत फेकले. सरकारी आकडा कितीतरी वर्षे तीन मृत्यूंचाच होता. आणि एप्रिल १९६२मध्ये अल्जीरियाबाबतच्या करारावर जे मतदान झाले, ते फक्त फ्रान्सच्या भूमीवर. ज्यांच्या देशाचा प्रश्न, त्यांचा कौल जुलैपर्यंत थांबला. तेव्हा मतपेटी दिसली की लगेच हात जोडायचे कारण नाही. पेटी कोणी ठेवली, कागदावर काय छापले आणि पेटीपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर कोण उभे आहे, हे पाहावे लागते.

आता गोव्याकडे परत येतो, कारण या बाबतीत आपल्या देशाने एकदा बऱ्यापैकी चोख काम केले आहे आणि आपण मराठी माणसे ते पराभव म्हणून विसरून गेलो आहोत.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. १९६३च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. पक्षाचे नावच सांगत होते की गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा. १९६५मध्ये गोव्याच्या विधानसभेने तसा ठराव केला, महाराष्ट्राच्या विधानसभेनेही केला. आपल्याकडच्या बहुतेकांच्या मते प्रश्न तिथेच संपला होता. लोकांनी विलीनीकरणवादी पक्ष निवडून दिला, विधानसभेने ठराव केला, आता आणखी काय विचारायचे? विरोधी बाजूला युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा होते, दिल्लीत खेटे घालणारे काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर होते. त्यांचे म्हणणे एकच: लोकांनी आमदार निवडले आहेत, गोव्याचे भवितव्य नाही. ते वेगळे विचारा.

दिल्लीने ऐकले. १९६६मध्ये संसदेने जनमत कौलाचा खास कायदा केला. बांदोडकर सरकार सत्तेवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप आला, तेव्हा डिसेंबरमध्ये बांदोडकरांनी राजीनामा दिला. आज हे वाचताना जरा थांबायला होते. ज्या मुख्यमंत्र्याचे सगळे राजकारण त्या एका प्रश्नावर उभे होते, तो प्रश्न विचारला जाताना तो खुर्चीवरून उतरला. त्याच्या पक्षाचे चिन्ह असलेला सिंह मतपत्रिकेवर नव्हता. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळा संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित, राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. गोव्यात आणि तळकोकणात देवाला कौल लावतात, तेव्हा मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणे घालणारा जाणता असेल तर प्रश्न एका वेळी एकच विचारतो आणि ज्याचे उत्तर हो-नाहीत येईल असाच विचारतो. चिन्हे निवडणाऱ्याच्या डोक्यात हे होते की नव्हते, कोण जाणे. पण ‘कौल’ हा शब्द गोव्यातल्या मतदाराला कोणी नव्याने शिकवावा लागला नाही.

आणि त्याआधीचे महिने! गोव्यात इतके बोलणे पूर्वी कधी झाले नव्हते. कोपरासभा, पदयात्रा, तियात्र म्हणजे कोकणी नाटके, गाणी, भांडणे. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाने चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखाली महाराष्ट्रात विलीन होण्याविरुद्ध रान उठवले, तेही अस्सल मराठीत. त्यात उदय भेंब्रे रोज सदर लिहून फुलवाल्यांची झोप उडवत. दुसऱ्या बाजूलाही तितकाच जोर होता. तिथे कुळे होती आणि मालकाच्या जागेत घर करून राहणारे मुंडकार होते. भाटकारांच्या, म्हणजे जमीनमालकांच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या बहुजन समाजाला वाटे की महाराष्ट्रात गेलो तर कसेल त्याची जमीन होईल, मराठी शाळा येतील, भाटकाराचा पगडा सुटेल. त्या अपेक्षेला कोणी बाहेरच्यांची फूस म्हणत असेल तर त्याला गोव्याची जमीन कळलेली नाही.

१६ जानेवारी १९६७ला मतदान झाले. जवळजवळ ८२ टक्के लोक आले. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. अंतर ३४,०२१.

महाराष्ट्रात तेव्हापासून एक समजूत रुळली आहे की गोव्यातल्या ख्रिस्ती मतांनी विलीनीकरण हाणून पाडले. साधा हिशेब करा. ख्रिस्ती लोकसंख्या त्या वेळी चाळीस टक्क्यांच्या आत होती, हिंदू साठच्या आसपास. दोन पानांना वैध मतांपैकी ५५ टक्के मिळाली. एकूण एक ख्रिस्ती मतदाराने पानांवर शिक्का मारला असे धरले तरी तो आकडा भरत नाही. हजारो हिंदू मतदारांनी, त्यांतल्या कित्येकांनी घरात मराठी पोथी वाचत असूनही, दोन पाने निवडली. मराठीवर प्रेम असणे आणि मुंबईहून राज्य करवून घेणे या त्यांच्या लेखी दोन गोष्टी होत्या. ही गोष्ट आपल्याला अजून नीट पचलेली नाही.

त्याहून मोठा धडा दोन महिन्यांनी मिळाला. मार्च १९६७मध्ये विधानसभा निवडणूक झाली आणि विलीनीकरणाच्या प्रश्नावर हरलेला तोच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. म्हणजे तोच मतदार जानेवारीत म्हणाला, तुमचे हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. आणि मार्चमध्ये म्हणाला, पण राज्य तुम्हीच करा. लोकांना हा फरक करता येतो, फक्त तो करू देणारा कागद हातात पडावा लागतो. ‘आम्हाला जनादेश मिळाला आहे’ असे म्हणत जाहीरनाम्यातल्या साठाव्या कलमाचा कायदा करणाऱ्या प्रत्येक सरकारला गोव्याचे हे दोन महिने वाचून दाखवावेत.

एक आक्षेप मात्र बाजूला सारता येत नाही. १९६१मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या तेव्हा लोकांना विचारले होते का? नव्हते. सार्वमत न घेताच गोवा भारतात आला. पाश्चात्त्य देशांनी तेव्हा यावरून बराच गळा काढला, आणि ४५१ वर्षांत एकदाही न विचारलेल्या पोर्तुगालनेही काढला. मला स्वतःला असे वाटते की कोंडलेल्या माणसाला दार उघडायचे का, हे दाराबाहेरून मत घेऊन ठरवता येत नाही, विशेषतः आत बोलणाऱ्याला तुरुंग आहे हे ठाऊक असताना. पण म्हणूनच बाहेर आल्यावर त्याला विचारणे हे कर्ज होते. १९६३ची निवडणूक आणि १९६७चा कौल मिळून ते बरेचसे फिटले. संपूर्ण फिटले असे म्हणणार नाही, कारण कागदावर इथेही पर्याय दोनच होते. स्वतंत्र घटक राज्य हा पर्याय छापलेला नव्हता. तो प्रत्यक्षात यायला ३० मे १९८७ उजाडावा लागला.

बाकी, इतरांच्या गोळ्यांबद्दल बोलताना आपल्या घरातल्याही बोलून टाकाव्यात. पत्रादेवीच्या गोळीबाराने अवघा महाराष्ट्र पेटला होता. त्याला तीन महिने होतात न होतात तोच २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. गोळ्या झाडणारे पोलीस स्वतंत्र भारतातले होते आणि लोकनियुक्त सरकारच्या हुकुमाखाली होते. पुढच्या जानेवारीत आणखी माणसे मेली. हुतात्मा चौकात शंभराहून जास्त नावांची आठवण उभी आहे. कारण तेच होते: लोकांना न विचारता केलेली राज्यरचना आणि विचारा म्हणून रस्त्यावर आलेली गर्दी. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली, तेव्हा कुठे दिल्लीला ऐकू आले. त्या निवडणुकीत एकच प्रश्न इतका पेटलेला होता की निवडणुकीचाच कौल झाला. असे दर वेळी होत नाही.

आपल्या घटनेत सार्वमताची सोय नाही. कलम ३ प्रमाणे राज्याच्या सीमा बदलायच्या तर संसद कायदा करते. विधानसभेचे मत मागवायचे, ते मानायचे बंधन नाही. २०१४मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणचे विधेयक फेटाळले आणि संसदेने ते मंजूर केले. २०१९मध्ये जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा तिथली विधानसभा आधीच बरखास्त झालेली होती, मत मागवायला कोणी जागेवरच नव्हते. तेलंगण व्हायला हवा होता, असे माझे मत आहे. तरी दोन्ही वेळची रीत मला खटकते. अगदी शेजारचे उदाहरण घ्यायचे तर सप्टेंबर २००८मध्ये रायगडच्या पेण तालुक्यात बावीस गावांतल्या शेतकऱ्यांना मोठ्या सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन देता का, असे मतदान करून विचारले गेले. लोक रांगा लावून आले आणि बहुतेकांनी नाही म्हटले. पण त्या कौलाच्या मागे कायदा नव्हता. विचारणाऱ्याने ऐकावे अशी सक्तीच नव्हती. याच्या उलट ओडिशातल्या नियमगिरीत २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या खाणीचा निर्णय ग्रामसभांवर सोपवला. डोंगरावरच्या बारा गावांनी एकामागून एक नकार दिला, आणि खाण थांबली.

सगळ्याच गोष्टींवर मत घ्या, असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्याचा हक्क बहुमताला विचारून द्यायचा नसतो. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मताधिकार द्यायचा का, हे १९५९मध्ये पुरुषांना विचारले, त्यांनी नाही म्हटले, आणि १९७१पर्यंत त्या प्रगत देशातल्या बायका देशपातळीवर मताविना राहिल्या. पण सीमा कुठे असावी, जमीन कोणाकडे जावी, गावात दारूचे दुकान असावे का, हे ज्यांच्या अंगावर येते त्यांना वेगळा कागद देऊन विचारले पाहिजे. आणि न आलेल्याचे मत कोणाच्याही खात्यात घालू नये. फार थोडे आले तर निकाल लावू नका, पुन्हा विचारा. पण आधी ते का आले नाहीत ते शोधा. आडव्या बाटलीच्या नियमात एवढा बदल करायला कोणती घटनादुरुस्ती लागत नाही. यादीतल्या मेलेल्या बायका काढल्या तरी कितीतरी दुकाने बंद होतील.

गोव्याच्या कौलाचेही तसेच एक उरलेले टोक आहे. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोवेकरांचे ‘कूड’ होते, गावोगावच्या नावाने चालणारे. बोटीवर काम करणारे तारवटी तिथे ट्रंक ठेवून समुद्रावर जात आणि त्यांच्या पैशावर गोव्यातली घरे चालत. आपल्यालाही मत असावे, अशी बाहेरच्या गोवेकरांसाठीची मागणी सिक्वेरांच्या बाजूने झाली होती. ती मान्य झाली नाही. गोव्यातल्या यादीत नाव असेल त्यालाच मत. १६ जानेवारीला सासष्टीतल्या आणि बार्देशातल्या बायका मुलांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या, आणि त्यांचे नवरे कुठल्या तरी बंदरात निकालाची तार यायची वाट पाहत होते.